पत्रावर ‘अवॉर्ड’ लिहिलंय, पण त्यातलं कर्ज किती?

प्रश्न:

ताई, नमस्कार. आम्ही वीस वर्षं अमेरिकेत आहोत, मुलगी इथेच जन्मली, आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. येत्या ऑगस्टपासून ती कॉलेजला जाईल. दोन ठिकाणी ॲडमिशन मिळालीय. प्रायव्हेट युनिव्हर्सिटीच्या पत्रात वर्षाचा खर्च 88,000 डॉलर आणि टोटल अवॉर्ड 74,500, म्हणजे आम्हाला फक्त 13,500 भरायचे. आमच्याच राज्यातल्या स्टेट युनिव्हर्सिटीचा खर्च 34,000 आणि अवॉर्ड 14,500, म्हणजे तिथे 19,500 भरायचे. मग महागडी प्रायव्हेटच स्वस्त पडतेय ना? फॅफ्सावर, म्हणजे सरकारी मदतीसाठी भरलेल्या फॉर्मवर, आमचा एसएआय 24,000 आलाय, त्याचा अर्थ कोणी नीट सांगत नाही. प्रायव्हेटनं सीएसएस प्रोफाइल नावाचा त्यांच्या मदतीसाठीचा वेगळा फॉर्मही भरून घेतलाय. शिवाय जानेवारीत मिस्टरांचा जॉब गेला, माझी नोकरी चालू आहे. ते म्हणतात युनिव्हर्सिटीला कळवू नकोस, ॲडमिशन काढून घेतील, आणि कोणापुढे हात पसरायचे नाहीत. भारतात ह्यांच्या नावावर एक फ्लॅट आहे, तिथे सासूबाई राहतात, तो आम्ही फॉर्ममध्ये लिहिला नाही, चुकलं का? धाकटा दोन वर्षांनी कॉलेजला जाईल, तेव्हा दोघं शिकत असले की मदत वाढेल ना? 1 मे ला जागा पक्की करायचं डिपॉझिट भरायचंय, रात्री झोप लागत नाही. तुमचं मत सांगा. मुलीचं मन मात्र प्रायव्हेटमध्येच आहे.
— एक आई

उत्तर:

नमस्कार. आधी मुलीचं मनापासून अभिनंदन, दोन दोन ठिकाणी ॲडमिशन मिळवलीय तिनं, घरात पैशाची काळजी चालू असताना ही गोष्ट मागे पडते म्हणून आधी सांगितलं. आणि तुम्ही पत्राबरोबर दोन्ही ऑफरचे आकडे ओळीनं पाठवलेत ते फार बरं केलंत, नाहीतर मला नुसतं अंदाजानं बोलावं लागलं असतं.

आता सरळ मुद्द्यावर येते. नाही, प्रायव्हेट स्वस्त पडत नाहीये, ती बरीच महाग पडतेय. ते पत्र वाचताना तुमचा जो समज झाला तो बहुतेक सगळ्यांचा होतो कारण पत्राची मांडणीच तशी असते, वर मोठ्या अक्षरात टोटल, खाली बारीक अक्षरात ती टोटल कशाकशाची आहे ते. तुम्ही पाठवलेल्या कागदावर प्रायव्हेटचे 74,500 असे बनलेत: युनिव्हर्सिटी ग्रँट 46,000, मुलीच्या नावावरचं फेडरल लोन 5,500, वर्क-स्टडी 3,000 आणि पॅरेंट प्लस 20,000. यातलं परत करावं लागणार नाही असं फक्त पहिलं, 46,000. लोन म्हणजे लोन. वर्क-स्टडी म्हणजे तिनं काम करून कमवायचा पगार. आणि पॅरेंट प्लस हे तर तुमच्या नावावरचं कर्ज आहे, ते ‘अवॉर्ड’च्या यादीत छापलेलं बघून मला दर वर्षी राग येतो, कारण आपणच काढलेलं कर्ज आपल्याला बक्षीस म्हणून कसं काय मिळतं?

स्टेट युनिव्हर्सिटीचे 14,500 म्हणजे 5,000 ग्रँट, 4,000 मेरिट स्कॉलरशिप आणि 5,500 लोन. म्हणजे फुकट मिळणारे 9,000.

तर वजाबाकी अशी करायची, एकूण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही. प्रायव्हेट 88,000 वजा 46,000 म्हणजे 42,000. स्टेट 34,000 वजा 9,000 म्हणजे 25,000. वर्षाला 17,000 चा फरक, चार वर्षांत 68,000, आणि तोही फी वाढणार नाही असं धरून, जे कुठेच होत नाही. हा जो ग्रँट वजा जाता उरलेला आकडा आहे त्याला नेट प्राइस म्हणतात, आणि दोन कॉलेजांची तुलना करायची तर याच आकड्याची करायची. तो आजची बचत, तिची सुट्टीतली कमाई आणि कर्ज मिळून कसाबसा भरायचा असतो, पण भरायचा आपल्यालाच असतो.

आता ते एसएआय 24,000. पूर्ण नाव स्टुडंट एड इंडेक्स. 2024-25 च्या फॉर्मपासून हे नाव आलं, त्याआधी त्याला ईएफसी म्हणायचे, म्हणजे कुटुंबाकडून अपेक्षित रक्कम, आणि त्या जुन्या नावामुळेच लोकांचा असा समज झाला की आपल्याला एवढेच भरायचेत. तसं नव्हतं आणि आताही नाही. हा एक इंडेक्स आहे, तुमचं उत्पन्न, टॅक्स, घरातली माणसं, बचत हे सगळं एका सूत्रात घालून काढलेला, तो उणे 1,500 पर्यंत खाली जाऊ शकतो. कॉलेज काय करतं, आपल्या एकूण खर्चातून हा इंडेक्स वजा करतं आणि जे उरेल त्याला तुमची ‘नीड’ म्हणतं. म्हणून एकाच मुलीची नीड प्रायव्हेटकडे 64,000 निघते आणि स्टेटकडे 10,000. तुमची परिस्थिती तीच, फक्त दुकान बदललं की गरज बदलते, विचित्र वाटतं पण हिशोब असा आहे.

आणि इथे खरी मेख आहे. नीड काढली म्हणजे ती सगळी भागवायला कॉलेज बांधील नसतं. काही मोजकी श्रीमंत कॉलेजं म्हणतात की आम्ही शंभर टक्के नीड भागवतो, त्यातली काही लोन न देता फक्त ग्रँट देऊन भागवतात, प्रिन्स्टननं हे 2001 मध्ये सुरू केलं आणि मग बाकीचे काही त्या वाटेनं गेले. पण बहुतेक कॉलेजांकडे एवढा पैसा नाही, ते थोडी ग्रँट देतात आणि उरलेली जागा तशीच सोडतात किंवा कर्ज दाखवून भरतात. तुमच्या प्रायव्हेटनं तेच केलंय, नीड 64,000, ग्रँट 46,000, मधल्या 18,000 च्या खड्ड्यावर लोन, वर्क-स्टडी आणि प्लसची सतरंजी घातलीय. 46,000 ही मोठी रक्कमच आहे, त्यांनी हात आखडला असं मी म्हणणार नाही. पण खड्डा आहे हे तुम्हाला दिसायला हवं.

पॅरेंट प्लसबद्दल जरा थांबून सांगते कारण तुमच्या घराला सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. ते कर्ज देताना सरकार तुमचं उत्पन्न बघतच नाही, क्रेडिट हिस्टरीत मोठा बिघाड नाही ना एवढंच बघतं, म्हणजे जॉब गेलेल्या घरालाही ते सहज मिळतं आणि सहज मिळतं म्हणून ते परवडणारं आहे असं वाटतं. 2025-26 साली त्याचा व्याजदर 8.94 टक्के होता, शिवाय देतानाच 4.228 टक्के फी कापून घेतात, म्हणजे 20,000 वर 845 च्या आसपास आधीच गेले, कॉलेजला पोचतात 19,150 च्या घरात, व्याज मात्र पूर्ण 20,000 वर. आणि 1 जुलै 2026 पासून नवा कायदा लागू होतोय, नव्यानं प्लस घेणाऱ्यांना एका मुलासाठी वर्षाला जास्तीत जास्त 20,000 आणि सगळी वर्षं मिळून 65,000 एवढीच मर्यादा. आता तुमच्या पत्राकडे परत बघा. त्यांनी पहिल्याच वर्षाला 20,000 लिहिलेत. तीन वर्षं तसेच घेतले तर 60,000 झाले, आणि चौथ्या वर्षाला उरले फक्त 5,000. म्हणजे शेवटच्या वर्षी, डिग्री अगदी हातातोंडाशी आली असताना 15,000 चा खड्डा पडणार, तो कुठून भरायचा हे पत्रात कुठेही नाही कारण पत्र एकाच वर्षाचं असतं. आणखी एक, या नव्या प्लस लोनवर उत्पन्नाप्रमाणे हप्ता कमी करून घ्यायची सोय राहणार नाही. पगार असो नसो, ठरलेला हप्ता ठरलेल्या तारखेला. मिस्टरांना नवी नोकरी मिळेल, मिळावीच, पण कधी मिळेल ते माहीत नसताना हे अंगावर घेऊ नका, निदान पूर्ण रकमेचं तरी नको. कॉलेजच्या पोर्टलवर प्रत्येक ओळीसमोर ॲक्सेप्ट किंवा डिक्लाइन करता येतं, लोनची रक्कम कमीही करता येते, ग्रँट स्वीकारली म्हणून प्लसही स्वीकारावं लागतं असं अजिबात नाही.

मुलीच्या नावावरचं 5,500 चं लोन त्यामानानं बरं. डिपेंडंट, म्हणजे आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी तेवढंच मिळतं, दुसऱ्या वर्षी 6,500, पुढे 7,500, आणि अंडरग्रॅजुएटला सगळं मिळून 31,000 च्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे पोर कर्जात बुडून जाईल असं या एका लोननं होत नाही. त्या 5,500 मधले जास्तीत जास्त 3,500 सबसिडाइज्ड असू शकतात, म्हणजे ती शिकत असेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने व्याज सरकार भरतं. उरलेलं अनसबसिडाइज्ड, त्याचं व्याज पैसे कॉलेजला गेल्या दिवसापासून चालू. स्टेटच्या पत्रात सबसिडाइज्डचा भाग फक्त 1,000 आहे, तो का कमी ते आता तुम्हाला कळलं असेल, सबसिडाइज्ड उरलेल्या नीडपुरतंच मिळतं, आणि तिथे नीडच 10,000 ची, त्यातली 9,000 आधीच भागली.

वर्क-स्टडीबद्दल माझा अनुभव सांगते. आमच्या मोठ्याच्या वेळी पत्रात अशीच वर्क-स्टडीची ओळ होती आणि आम्ही ती बिलातून वजा होणार असं धरून चाललो, तशी शंकासुद्धा आली नाही. जुलैत पहिल्या सेमिस्टरचं बिल आलं त्यात ती नव्हती, ऑफिसला फोन केला तेव्हा कळलं की मुलानं तिथे जाऊन काम शोधायचं, तास भरायचे, मग त्याचा पगार त्याच्या खात्यात येणार, आणि पत्रातला आकडा ही फक्त वरची मर्यादा. दहा दिवसांत दीड हजार उभे करताना माझी जी तारांबळ झाली ती तुमची होऊ नये. वर्क-स्टडी वाईट नाही, उलट चांगली आहे, लायब्ररीत किंवा लॅबमध्ये काम मिळतं, कॉलेजच्या वेळा सांभाळून मिळतं, आणि ती कमाई पुढच्या फॅफ्साच्या हिशोबात धरत नाहीत. फक्त ती तिच्या वरखर्चाला आणि पुस्तकांना आहे असं समजा, फीला नाही.

आता जॉबचं. मिस्टरांना माझ्यातर्फे सांगा, आणि हे मी फार आदरानं सांगतेय कारण जॉब गेल्यावर माणसाच्या मनाचं काय होतं ते मी जवळून बघितलंय, की ॲडमिशन काढून घेणार नाहीत. मिळालेली ॲडमिशन, घरची परिस्थिती बदलली हे कळवलं म्हणून, परत घेत नाहीत. काही कॉलेजं ॲडमिशन द्यायच्या आधी घरची ऐपत बघतात, त्याला नीड-अवेअर म्हणतात, काही बघत नाहीत, ती नीड-ब्लाइंड. पण तो विषय ॲडमिशनच्या निर्णयाआधीचा झाला, ते दार तुमच्या मुलीनं ओलांडलंय.

आणि हात पसरण्याचं म्हणाल तर, फॅफ्सा भरला तेव्हाच आपण मदत मागितली ना? मग आता खरी गरज आली तेव्हा गप्प बसायचं हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं आहे. आपल्याकडे हा संकोच फार असतो, मला माहितीये, घरातली अडचण घरात ठेवायची असं शिकत आलो आपण, आणि तो स्वाभिमान खोटा नाही. पण इथे कोणी उपकार करत नाहीये. 2026-27 च्या फॉर्मनं तुमचं 2024 सालचं उत्पन्न घेतलंय, तेव्हा घरात दोन पगार येत होते. म्हणजे 24,000 हा इंडेक्स जे घर आज अस्तित्वातच नाही त्या घराचा आहे. तो दुरुस्त करून मागणं हा तुमचा हक्क आहे, कायद्यानंच फायनान्शियल एड ऑफिसला अधिकार दिलाय की अशी विशेष परिस्थिती असेल तर कागद बघून आकडे बदलावेत. त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. प्रत्येक कॉलेजचं ऑफिस आपापला निर्णय घेतं, एकानं बदललं म्हणून दुसरं बदलेलच असं नाही, आणि त्यांच्या निर्णयावर वर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही, म्हणून पहिल्याच वेळी नीट, पूर्ण कागदांसह मागायचं.

काय पाठवायचं ते सांगते. आधी वेबसाइटवर ‘स्पेशल सर्कमस्टन्सेस’ किंवा ‘अपील’ नावाचा फॉर्म आहे का बघा, बहुतेकांकडे असतो, नसेल तर ऑफिसला ईमेल. पत्र एका पानाचं, त्यात रडगाणं नको आणि कौतुकाचे पूलही नकोत, जॉब कधी गेला ती तारीख, सेव्हरन्स (जॉब जाताना कंपनी देते ती रक्कम) मिळालं का आणि किती, अनएम्प्लॉयमेंटचे (बेकारी भत्त्याचे) पैसे आठवड्याला किती येतात आणि कधीपर्यंत, तुमचा पगार किती, आणि हे सगळं धरून 2026 या पूर्ण वर्षात घरात एकूण किती येतील असा तुमचा अंदाज. सोबत कंपनीचं टर्मिनेशनचं पत्र, शेवटची पे-स्टब, अनएम्प्लॉयमेंटचं पत्र, तुमची ताजी पे-स्टब. औषधपाण्याचा मोठा खर्च इन्शुरन्सबाहेर होत असेल तर त्याच्या पावत्याही. फोन जरूर करा, पण फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका, म्हणजे कोण काय म्हणालं याची नोंद राहते. आणि फोनवर मुलीलाच बोलू द्या किंवा तिला शेजारी बसवा, विद्यार्थ्याची माहिती तिच्या संमतीशिवाय आईवडिलांना द्यायला ही ऑफिसं तयार नसतात, पोर्टलवर ती संमती आधीच देऊन ठेवायला सांगा.

यातून काय निघू शकतं? उत्पन्न खरंच खूप खाली आलं असेल तर कदाचित पेल ग्रँटही लागू होईल, ती फेडरल सरकारची आहे, परत करायची नसते, गेली काही वर्षं तिची कमाल मर्यादा वर्षाला 7,395 डॉलर आहे. 24,000 च्या इंडेक्सवर तिचं नावही काढता येत नाही पण दुरुस्तीनंतर चित्र बदलू शकतं. आणि पेल मिळाली तर ती स्टेटलाही मिळते आणि प्रायव्हेटलाही, ती मुलीबरोबर फिरते. प्रायव्हेटकडे स्वतःचा पैसा जास्त असतो म्हणून तिथे ग्रँट वाढायला जागा जास्त, स्टेटकडे कमी, असं साधारण बघितलंय. मात्र किती वाढेल ते मी सांगू शकत नाही आणि कोणी छातीठोक सांगत असेल, फी घेऊन वाढवून देतो म्हणत असेल, तर त्याला पैसे देऊ नका. फॅफ्सा फुकट आहे, अपीलही फुकट आहे.

फ्लॅट. हो, चुकलं, पण सुधारता येतं, घाबरू नका. फॅफ्सात आपण राहतो ते घर धरत नाहीत, रिटायरमेंट अकाउंटमधले पैसेही धरत नाहीत, पण त्याशिवायची कुठलीही प्रॉपर्टी, मग ती भारतात का असेना आणि तिथे सासूबाई राहत का असेनात, मालकी मिस्टरांची असेल तर इन्व्हेस्टमेंट म्हणून लिहावी लागते. किंमत वजा कर्ज, फॉर्म भरला त्या दिवशीची, डॉलरमध्ये. दीर किंवा सासूबाईंबरोबर जॉइंट असेल तर फक्त मिस्टरांचा हिस्सा. बऱ्याच आपल्या लोकांचा असा समज आहे की भारतातलं इथे लिहायचं नसतं, तो चुकीचा आहे, फॉर्मवर सही करताना आपण खरं लिहिलंय असं लिहून देतो आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर 20,000 डॉलरपर्यंत दंड, तुरुंग किंवा दोन्ही असं तिथेच छापलेलं आहे. तुम्ही जाणूनबुजून केलं नाहीत, म्हणूनच आत्ताच दुरुस्त करा.

आणि त्यानं वाटतं तेवढं आभाळ कोसळत नाही. आईवडिलांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त 5.64 टक्के भाग इंडेक्समध्ये जातो. समजा फ्लॅटची किंमत कर्ज वजा जाता 60,000 डॉलर धरली तर एसएआय जास्तीत जास्त 3,384 नं वाढेल. मुलीच्या स्वतःच्या खात्यातल्या पैशाचे मात्र 20 टक्के धरतात, आजीनं तिच्या नावावर काही ठेवलं असेल तर तेही बघा. प्रायव्हेटनं तुमच्याकडून सीएसएस प्रोफाइलही भरून घेतलं असं तुम्ही लिहिलंय, तिथेही ही दुरुस्ती कळवा, त्या फॉर्ममध्ये तर राहत्या घराचीही चौकशी असते आणि त्यावरून प्रत्येक कॉलेज स्वतःचा वेगळा हिशोब करतं. क्रम असा ठेवा, आधी फ्लॅटची दुरुस्ती, आणि त्याच ईमेलमध्ये किंवा लगेच दुसऱ्या दिवशी जॉबचं अपील. आपणहून खरं सांगणाऱ्याचे कागद ऑफिसातली माणसं वेगळ्या नजरेनं बघतात असं माझं मत आहे, आणि अपीलमध्ये तुमचा फॉर्म बारकाईनं तपासतील तेव्हा त्यांना ते सापडण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं केव्हाही बरं.

धाकट्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पूर्वी घरातली दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की आईवडिलांचा वाटा दोघांत विभागला जायचा. 2024-25 पासून फॅफ्साच्या सूत्रातून ते काढून टाकलं, फॉर्ममध्ये किती मुलं कॉलेजात आहेत हे विचारतात पण इंडेक्स काढताना वापरत नाहीत. सीएसएस प्रोफाइलवाली काही कॉलेजं अजूनही ते लक्षात घेतात, म्हणून प्रायव्हेटला हा प्रश्न सरळ विचारा. पण योजना आखताना दोन वर्षांनी मदत दुप्पट होईल असं अजिबात धरू नका, उलट तेव्हा दोन बिलं येतील असं धरा, आणि माझ्या मते स्टेटकडे झुकणारा हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

दोन्ही ऑफिसांना विचारायच्या आणखी काही गोष्टी आहेत. उत्पन्न असंच राहिलं तर 46,000 ची ग्रँट दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी तेवढीच राहते का, का पहिल्या वर्षी आकर्षक ऑफर देऊन पुढे कमी करतात? फी वाढली की ग्रँट वाढते का? स्टेटच्या 4,000 च्या मेरिट स्कॉलरशिपला किती जीपीए (ग्रेडची सरासरी) राखावा लागतो आणि एका सेमिस्टरला घसरला तर काय? मुलीला बाहेरची एखादी स्कॉलरशिप मिळाली तर ती आधी लोनमधून कापतात की ग्रँटमधून? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग मुलगी निबंध लिहून लिहून दोन हजार मिळवते आणि कॉलेज तेवढीच ग्रँट कमी करतं, फार वाईट वाटतं त्या पोरांना. आणि हेल्थ इन्शुरन्स. बहुतेक युनिव्हर्सिटी बिलात आपला विद्यार्थी इन्शुरन्स लावतात आणि घरचा इन्शुरन्स दाखवला तर तो काढून टाकतात, पण तुमचा घरचा इन्शुरन्स मिस्टरांच्या कंपनीतून होता का? असेल तर तो आता कशावर चालू आहे ते बघा, कारण ही दोन तीन हजारांची ओळ ऐन वेळी उभी राहते.

बाकी वाचकांनाही यातून प्रश्न पडतील म्हणून थोडक्यात. ज्यांची मुलं एच-4 वर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेत त्यांना फेडरल मदत मिळत नाही, पण कॉलेजची स्वतःची ग्रँट मिळू शकते आणि राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. मुलं सिटिझन आणि आईवडील एच-1बी वर असतील तर मुलांनी फॅफ्सा जरूर भरावा, पेल आणि फेडरल लोन त्यांना लागू होतं, पॅरेंट प्लस मात्र आईवडिलांना मिळणार नाही. एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर भारतातून येणाऱ्यांना फेडरल काहीच नाही, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी अगदी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांचीही ऐपत न बघता ॲडमिशन देतात आणि पूर्ण नीड भागवतात. आणि आयव्ही लीगमध्ये मेरिट स्कॉलरशिप नसतेच, जे काही मिळतं ते गरजेवरच, त्यामुळे मार्कांवर तिथे फी माफ होईल या आशेवर राहू नका.

आता 1 मे. अपीलचं उत्तर त्याआधी येईलच असं नाही, म्हणून अपील पाठवतानाच विनंती करा की निर्णय येईपर्यंत डिपॉझिटची तारीख पुढे ढकलून द्यावी, काही कॉलेजं देतात, पण देतो म्हटलं तर लेखी घ्या. दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवू नका, ते चुकीचं मानतात आणि पैसे सहसा परत मिळत नाहीत. उत्तर आलं नाही आणि तारीखही वाढवून दिली नाही तर, तुम्ही माझं मत मागितलंय म्हणून सांगते, मी स्टेटला डिपॉझिट भरेन. प्रायव्हेटची ग्रँट वाढून नेट प्राइस स्टेटच्या आसपास, म्हणजे 25,000 ते 28,000 पर्यंत खाली आली तर जरूर तिकडे पाठवा, तिचं मन तिथे आहे हे तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींवरून कळलं. त्याच्या वर राहिली तर मधला सगळा फरक प्लसच्या कर्जातून येणार, आणि दर वर्षी 20,000 घेतले तर त्याची मर्यादा चौथ्या वर्षी संपणार, हे मी वर लिहिलंय ते तिलाही वाचायला द्या.

तिला हे आकडे दाखवताना मिस्टरांनीही बसावं असं मला वाटतं. अठरा वर्षांच्या मुलीला घरात काय चाललंय ते कळत असतं, फक्त कोणी बोलत नाही म्हणून ती एकटी तर्क करत बसते. एका कागदावर चार वर्षं आडवी लिहा, दोन कॉलेजं उभी, प्रत्येक चौकोनात खर्च, ग्रँट आणि उरलेली रक्कम, आणि ती उरलेली रक्कम कुठून येणार ते तिघांनी मिळून भरा. फ्लॅटची दुरुस्ती आणि अपील या आठवड्यात पाठवा, आणि उत्तर आलं की मला नवे आकडे कळवा, टोटल नको, ग्रँटची ओळ तेवढी आधी लिहा.